उशिरा आलेला भिडू
(अमडापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही हमालांच्या कायद्यावर बोलावे. गेली तीस वर्षे आमचा तोच उद्योग आहे, तेव्हा अपेक्षा रास्तच होती. आम्ही कळविलेला विषय मात्र खेळाचा निघाला. चालकांपैकी एकाने फोनवर विचारले, "भाऊ, तुमचा आन् कबड्डीचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे जे काही वाचन झाले ते हमालखान्यातल्या दिव्याखाली आणि गावोगावच्या वाचनालयांत. क्रीडातज्ज्ञ म्हणून बोलण्याचा आम्हांला काडीचाही अधिकार नाही. परंतु आजचा विषय खेळ कसा खेळावा हा नसून, खेळणारी माणसे संघांनी आपसांत कशी वाटून घ्यावीत, हा आहे. माणसांच्या वाटण्या पाहण्यात मात्र आमचे आयुष्य गेले.

प्रश्न असा. एखाद्या धंदेवाईक साखळी स्पर्धेत आठ-दहा संघ आधीपासून खेळत आहेत. त्यांचे खेळाडू ठरलेले, त्यांचे प्रेक्षक ठरलेले. अशात दोन-चार नवे संघ पैसे भरून येतात. मैदान मिळते, गणवेश शिवता येतो. माणसे कोठून आणायची? जुन्यांनी आपल्यांतली काही द्यायची म्हटली तर किती, आणि कोणती? कॅनडा-अमेरिकेत ह्या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे त्याचे रूप थोडे लिलावाचे आणि थोडे राखून ठेवण्याचे आहे. मूळ भांडण एकच.

हे भांडण अमडापूरच्या पोरांना ठाऊक नाही असे नाही. मैदानावर डाव मांडताना दोन गडी होतात आणि बाकीची पोरे जोड्या लावून बाजूला जातात. गळ्यात हात घालून गुपचूप नावे ठरवितात आणि परत येऊन विचारतात, कोणाला पाहिजे वाघ, कोणाला पाहिजे सिंह? वाघ कोण हे गड्याला ठाऊक नसते. जोडी मात्र समतोल असते, कारण पोरे आपल्या तोलाचाच जोडीदार शोधतात. ह्याहून न्याय्य वाटणी आम्ही मोठमोठ्या कचेऱ्यांतही पाहिली नाही. पण डाव तासभर रंगल्यावर वरच्या आळीची पोरे आली आणि म्हणाली, "आमचाही एक संघ घ्या, पण आम्ही तिघेच आहोत," तर काय होते? दोन्ही बाजू आपापले लिंबूटिंबू त्यांच्याकडे ढकलतात, आणि वर "घेतलं ना तुम्हाले" असे उपकारही दाखवितात.

२०१७ साली प्रो कबड्डीच्या आठ संघांचे बारा झाले. गुजरात, हरियाणा, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश हे चार नवे. त्या मे महिन्यात बाजार समितीच्या आवारात हमालांची जेवणाची सुटी झाली की हाच वाद. पाटण्याला प्रदीप नरवाल ठेवून का घेऊ दिला? मुंबईने एकटा अनूप कुमार ठेवून बाकी सगळे का सोडले? एक तरुण हमाल शेवटी आम्हांला म्हणाला, "भाऊ, हे तं आपल्या नव्या टोळीसारखंच झालं ना." तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. ती टोळीची गोष्ट आधी सांगतो.

१९६९ च्या माथाडी कायद्यानंतर हमालांच्या टोळ्या नोंदल्या जाऊ लागल्या, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. टोळीचे उत्पन्न एकत्र जमा होते आणि वाटणी होते. म्हणून टोळीतला माणूस कसा आहे ह्यावर इतरांची भाकरी अवलंबून असते. एका बाजारपेठेत – गावाचे नाव सांगत नाही, तेथील माणसे अजून आमच्याशी बोलतात – नवे गोदाम झाले आणि चौथी टोळी उभी करायची वेळ आली. जुन्या तीन टोळ्यांनी चार-चार माणसे द्यावीत असे ठरले. त्यांनी दिली, तात्काळ दिली. तेव्हाच आम्हांला शंका यायला हवी होती. एकाची कंबर गेलेली, दोघे दुपारनंतर शुद्धीवर नसायचे, एक साठीचा, एक असा भांडकुदळ की त्याला देऊन त्याची टोळी पेढे वाटायची तेवढी राहिली. सोयाबीनच्या हंगामात नव्या गोदामासमोर ट्रक तासन्‌तास उभे. थप्पी लागेना. महिनाभरात आडत्यांनी बाहेरून रोजंदारीची माणसे आणली, कमी दराने. आणि एकदा कमी दर बाजारात शिरला की तो चौथ्या टोळीपाशी थांबत नाही. दिवाळीपर्यंत तिन्ही जुन्या टोळ्यांचा दर घसरला. लिंबूटिंबू देऊन त्यांनी आपलेच ताट फोडले होते.

मग आम्ही नवा नियम केला. बारा जणांच्या प्रत्येक टोळीने आपले पाच जण राखून ठेवावेत. उरलेल्या सातांतून नव्या मुकादमाने एक निवडावा. तो गेला की टोळीने आणखी एक राखावा, मग नव्याने दुसरा निवडावा. एका टोळीतून दोनाहून अधिक जायचे नाहीत. बाकीची नवी भरती. हा नियम आमच्या डोक्यातून निघाला अशी आमची समजूत होती. पुढे वाचनात आले की जवळजवळ असाच नियम कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीवाल्यांनी १९६७ सालीच केला होता.

ती हॉकी म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे. पायांत पात्यांचे बूट घालून बर्फावर खेळतात. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये १९४२ पासून पंचवीस वर्षे सहाच संघ होते. १९६७ साली एकदम सहा नवे घेतले, प्रत्येकी वीस लाख डॉलर प्रवेशमूल्य घेऊन. पण जुन्या संघांना एक गोलरक्षक आणि अकरा खेळाडू झाकून ठेवण्याची मुभा दिली. बर्फावर एका वेळी उतरतात सहा जण. म्हणजे दोन पूर्ण संघ होतील एवढे चांगले गडी कोठीत बंद, आणि पैसे मोजून आलेल्यांना उरलेसुरले. हे लोकांच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून सहाही नव्या संघांचा वेगळा गट केला, जेणेकरून अंतिम फेरीला एक तरी नवा संघ पोहोचेलच. सेंट लुईसचा संघ पहिली तिन्ही वर्षे पोहोचला. अंतिम फेरीचे मिळून बारा सामने खेळला आणि बाराही हरला. १९७४ साली वॉशिंग्टनचा संघ आला. पहिल्या हंगामात ऐंशी सामन्यांत आठ विजय.

२०१७ साली त्याच लीगमध्ये लास व्हेगासचा संघ आला तेव्हा चित्र पालटले होते. जुन्यांना गोलरक्षकासह फार तर अकरा जण राखता येत होते, आणि तीसही जुन्या संघांतून एकेक खेळाडू नव्याने उचलायचा होता. जुने इतके घाबरले की "आमच्या त्या अमक्याला हात लावू नका, त्याबदली हा दुसरा घ्या" असे सौदे झाले, आणि त्या सौद्यांतच नव्याचे फावले. व्हेगास पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला. तेथे त्याला कोणी हरविले? त्याच वॉशिंग्टनने. आठ विजयांपासून सुरुवात केलेल्या त्या संघाला पहिला चषक मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. व्हेगासला तो सहाव्या हंगामात, २०२३ साली मिळाला.

आता कोणी म्हणेल की मधल्या पन्नास वर्षांत मालकांना सद्‌बुद्धी झाली. आम्ही तसे मानीत नाही. १९६७ चे वीस लाख डॉलर जाऊन २०१७ साली प्रवेशमूल्य पन्नास कोटी डॉलर झाले होते. एवढी रक्कम घेऊन कोणाला भुसा विकता येत नाही. जुन्या मालकांनी ही रक्कम वाटून घेतली आणि त्या बदल्यात माणसे दिली. आमची तक्रार येथेच आहे. माणसे दिली, परंतु पैसा त्या माणसांपर्यंत गेला नाही. त्यावर पुढे येतो.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. पुण्याने हा प्रयोग क्रिकेटमध्ये दोनदा भोगला आहे. २०१० साली पुण्याच्या संघासाठी सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरची बोली लावली. २०११ च्या लिलावाआधी जुन्या संघांना चार-चार खेळाडू राखण्याची सवलत मिळाली. मुंबईने सचिन, हरभजन, पोलार्ड, मलिंगा ठेवले. चेन्नईने धोनी, रैना, विजय, मॉर्केल. पुण्याला लिलावाआधी एकही नाही. वरकरणी न्याय असा की पैशाची थैली सर्वांना सारखी. पण थैलीतले गणित पाहा. पहिल्या राखीव खेळाडूपोटी थैलीतून ठरीव अठरा लाख डॉलर वजा होणार; म्हणजे चेन्नईला धोनी अठरा लाखांत पडला. पुण्याला उघड्या बाजारात रॉबिन उथप्पासाठी एकवीस लाख मोजावे लागले. उथप्पा चांगला फलंदाज, त्याच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण ज्याच्या घरात कोठी भरलेली आहे आणि जो रिकाम्या हाताने बाजारात उभा आहे, त्या दोघांच्या खिशात सारखेच पैसे घालून त्याला समता म्हणायचे, ही युक्ती आम्ही कामगार लोक चांगली ओळखतो. पुणे वॉरियर्स तीन हंगाम खेळला, तिन्ही हंगामांत चार-चारच सामने जिंकला आणि २०१३ साली मोडला. त्याच्याबरोबर आलेला कोचीचा संघ एका हंगामातच गेला होता. खेळाडूंच्या वाटणीखेरीज पैशाचे तंटेही होते, हे खरे. पण संघ जिंकत असता तर ते तंटे मिटविण्याची गरज सर्वांनाच वाटली असती.

दुसऱ्या वेळी चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले आणि त्यांच्या जागी पुणे व राजकोट आले. १५ डिसेंबर २०१५ ला मुंबईत खरा ड्राफ्ट झाला. दोन बंद गिरण्यांचे कामगार दोन नव्या गिरण्यांनी आळीपाळीने वाटून घ्यावेत, तसा. पुण्याची पहिली पाळी. त्यांनी धोनी घेतला. राजकोटने रैना. मग पुण्याकडे रहाणे, अश्विन, स्मिथ, डु प्लेसी. राजकोटकडे जडेजा, मॅकलम, फॉकनर, ब्राव्हो. पहिल्याला साडेबारा कोटी आणि पाचव्याला चार कोटी, असे दर ठरलेले. पहिल्या वर्षी राजकोटचा संघ साखळीत पहिला आला आणि पुणे सातवे. दुसऱ्या वर्षी पुणे अंतिम सामन्यात गेले आणि २१ मे २०१७ ला हैदराबादेत मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरले. १२९ आणि १२८. त्या रात्री आमच्या वस्तीत कोणी जेवले नसेल. आणि मग काय झाले? दोन वर्षांचा करार संपला, जुने दोन संघ परतले, नवे दोन मिटले. बांधलेला संघ विस्कटून टाकला. वाटणी चांगली होती, मुदत मात्र हंगामी मजुराची.

२०२२ साली लखनौ आणि गुजरात हे संघ घेताना क्रिकेट मंडळाने २०११ ची चूक सुधारली. जुन्यांनी चारपर्यंत राखायचे, पण लिलाव उघडण्याआधी नव्यांनीही सुटलेल्यांतून तीन-तीन घ्यायचे. गुजरातने हार्दिक पंड्या, रशीद खान आणि शुभमन गिल घेतले आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळविले. लखनौही बाद फेरीत गेला.

आणि कबड्डी? २०१७ च्या त्या वाटणीत जुन्या आठांना फक्त एकेकच खेळाडू राखण्याची परवानगी होती. जयपूरने तर एकही ठेवला नाही. नव्यांना लिलावाआधी एकेक उचलण्याची मुभा होती. गुजरातने इराणचा फझल अत्राचली घेतला, तमिळनाडूने अजय ठाकूर, हरियाणाने सुरेंदर नाडा. उत्तर प्रदेशने लिलावात नितीन तोमरवर ९३ लाख लावले, त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली. निकाल काय लागला? शेवटच्या सहा संघांत चारपैकी तीन नवे. गुजरात थेट अंतिम सामन्यात. चौथा, तमिळनाडूचा संघ, आपल्या गटात तळाला राहिला. म्हणजे दार उघडले म्हणून प्रत्येक जण आत येतोच असे नाही. पण दार उघडे होते. आणि विजेता कोण? पाटणा, ज्याने आपला एक प्रदीप नरवाल राखला होता. त्याने त्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले. म्हणजे नव्यांना वाटा दिल्याने जुने बुडाले असेही नाही. हरियाणाने पुढे डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत विजेतेपद घेतले, तेही पाटण्याला हरवून.

तरी आमच्या हमालखान्यातली तक्रार आम्ही खोटी म्हणणार नाही. मुंबईच्या संघावर जीव टाकणाऱ्या पोराला एका सकाळी कळते की आपले सगळे गडी चार दिशांना गेले, एकटा अनूप कुमार उरला. सात जणांच्या खेळात कोपरा राखणारे दोघे एकमेकांच्या श्वासावर खेळतात. ती समज वर्षानुवर्षे मुरते. टोळीतही तसेच आहे. थप्पीवर कट्टा फेकणारा आणि झेलणारा ह्यांना एकमेकांकडे पाहावे लागत नाही. म्हणून एक राखणे आम्हांला फार कमी वाटते आणि अकरा-बारा फार जास्त. खेळायला जितके गडी उतरतात त्यांच्या निम्मे राखावेत. कबड्डीत तीन, क्रिकेटमध्ये पाच. मग नव्याने निवडावे, त्यानंतर बाजार उघडावा. आणि नव्याला निदान पाच वर्षांची मुदत द्यावी. ह्या आकड्यांसाठी आम्ही भांडणार नाही, क्रमासाठी भांडू. नवा माणूस बाजारात उभा राहण्याआधी त्याच्या हातात काही तरी असले पाहिजे.

जुने मालक म्हणतात, आम्ही खेळाडू घडविला, तो फुकट का द्यावा? आपल्या देशात हे ऐकून हसू येते. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ साली. तिच्यातले गडी घडले ते गावच्या मैदानात, मंडळांत, आखाड्यांत. नोकरी मिळाली ती रेल्वेत, पोलिसांत, सैन्यदलांत. पहाटे मैदानावर पाणी मारणारा तो गावचा शिक्षक, मालकाच्या हिशेबात त्याचे नाव कोठे आहे? पीक दुसऱ्याने काढले आणि कोठीचे भाडे मालक मागतो.

राहिला खेळाडू. एवढ्या सगळ्या वाटणीत त्याला विचारले कोणी? त्या कॅनडाच्या हॉकीत १९५७ साली टेड लिंडसे नावाच्या डेट्रॉइटच्या नामांकित खेळाडूने खेळाडूंची संघटना उभारायचा घाट घातला. त्याला त्याच वर्षी शिकागोला, म्हणजे तळाच्या संघात, धाडून दिले. आमच्याकडेही संघटना करणाऱ्या हमालाला सर्वांत लांबच्या गोदामावर पाठवायची रीत होती, म्हणून ही हकीकत वाचून आम्हांला तो परका वाटेना. दहा वर्षांनी, १९६७ साली, संघटना अखेर उभी राहिली. सहाचे बारा संघ झाले तेच ते वर्ष. मागणी वाढली, काम दुप्पट झाले, की माणसाची पाठ ताठ होते. ह्याला आम्ही योगायोग म्हणत नाही. आपल्या क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली झाली खरी, पण ती निवृत्तांची. जो आज खेळतो आहे आणि ज्याची आज वाटणी होते आहे, त्याची नाही. आमची मागणी एवढीच आहे की नव्या संघाकडे ज्याची निवड होईल त्याला एकदा नाही म्हणण्याचा हक्क असावा, आणि नव्याकडून येणाऱ्या प्रवेशमूल्याचा काही भाग खेळाडूंच्या निधीत जावा. शेवटी नवी जागा भरली जाते ती त्यांच्या अंगमेहनतीनेच.

हे आम्ही मोठ्या तोंडाने सांगतो आहोत, पण टोळीच्या वेळी आम्हीच ते विसरलो होतो. नव्या नियमाने पहिली निवड झाली तेव्हा नव्या मुकादमाने एक फार चांगला गडी उचलला. अंगाने मजबूत, सचोटीचा, पस्तिशीचा. नियमाप्रमाणे सारे ठीक होते. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याचा थोरला भाऊ त्याच जुन्या टोळीत होता. थोरल्याला डाव्या डोळ्याने दिसत नसे, ही गोष्ट दोघा भावांनी बारा वर्षे लपविली होती. फळीवर चढताना धाकटा नेहमी त्याच्या डाव्या हाताला असे. तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, तुम्ही कागदावर नाव घेतलं. मले एक शब्द विचारला असता तं सांगितलं असतं."

आम्ही त्याचे नाव खोडले आणि नव्या मुकादमाला दुसरा गडी निवडायला सांगितले. तो कुरकुरला, पण त्याने निवडला. चौथी टोळी त्यानंतर नीट चालू लागली आणि अजून चालू आहे. थोरला पुढे दोन वर्षांनी आपणहून काम सोडून गावी गेला. त्या दिवशी धाकटा स्वतः आमच्या कचेरीत आला, खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आता विचारा."